बद्द वाजणारी ब्लेडं

४ मार्च, मंगळवार

आज तीन. एका दिवसात टाइल कापायची तीन ब्लेडं बाद! सकाळी डबा उघडला, एकेक ब्लेड मधल्या भोकातून बोटावर अडकवलं, हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलकेच वाजवलं – आणि तिन्ही बद्द. ठप. ठप. ठप. कोरी करकरीत, वरचा कागदसुद्धा निघालेला नाही, आणि आतून मेलेली!

म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला शिकवलेलं हे पहिलं काम. मशीनवर चढवायच्या आधी ब्लेड वाजवायचं. खणखणीत वाजलं, वाजून थोडा वेळ गुणगुणत राहिलं, तर पोलाद अखंड. बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे, मग डोळ्याला दिसो न दिसो. चीर असलेलं ब्लेड मिनिटाला तीन हजार फेरे घेताना तुटलं तर समोरच्याचं तोंड शिल्लक राहत नाही. एकतीस वर्षं झाली, एक दिवस चुकवलं नाही. दहाही बोटं शाबूत आहेत ती उगाच नाही.

आणि तो राडा! शी! कटरच्या टेबलाखालच्या पाण्यात टाइलचा गाळ तसाच बसलेला. करडा, चिकट, आंबलेला वास मारणारा. तो रोज काढायचं काम मेहुण्याचं. काढला होता का? नाव नको! शेवटी मीच कोपरापर्यंत हात घातला. नखांत तेच, नाकात तेच, कानात तेच. जेवताना दाताखाली कचकच. घास थुंकून टाकला.

५ मार्च, बुधवार

आणखी एक बाद. काय चाललंय काय!

६ मार्च, गुरुवार

चारही ब्लेडं घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं पेनावर अडकवून एकेक वाजवलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणतो, "काका, वाजतंय की हो मस्त!"

मस्त म्हणे! त्याच्या दुकानासमोर दिवसभर गाड्यांचे हॉर्न. त्यातलाच एखादा ऐकून मस्त म्हणत असेल. मी म्हटलं, एकतीस वर्षं ब्लेडं वाजवतोय, मला शिकवू नका. सडका माल गळ्यात मारायचा आणि वर दात काढायचे – वीट आला या माणसांचा. ब्लेडं परत घेईना, दुसरी देईना. म्हणाला, तुम्ही म्हणता म्हणून नवीन देऊ लागलो तर दुकानाला कुलूप लागेल.

बाहेर पडताना तो मागून काहीतरी बोलला आणि गिऱ्हाइकं हसली. काय ते कळलं नाही. नसेना का. त्या पायरीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही, कानाला खडा.

८ मार्च, शनिवार

आज मेहुण्यानं कळस केला.

हा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. बावीस वर्षं माझ्याबरोबर काम करतोय. माझ्याच हाताखाली शिकला, म्हणजे शिकला असं मी समजत होतो. या दवाखान्याचं काम दोघांनी मिळून घेतलंय – चार बाथरूम, एक लांब व्हरांडा, आणि दोन जुन्या भिंती कापून दारं काढायची.

टाइलला अखंड काठाचं ब्लेड, वीटकामाला दात्यांचं, एवढं तर कुणालाही कळतं. पुढचं कळायला अक्कल लागते. काठात हिऱ्याचा चुरा असतो आणि त्याला धरून ठेवणारा धातू. कडक टाइल कापायची तर तो धातू मऊ हवा. म्हणजे तो झिजतो, बोथट हिरे गळून पडतात, खालचे ताजे वर येतात. वीट असते मऊ, पण रेतीसारखी खरखरीत. ती धातू खाऊन टाकते, तिला कडक धातूचं हवं. कडकाला मऊ, मऊला कडक. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून माणसं फसतात. पण बावीस वर्षांनी?

यानं वीटकामाचं ब्लेड घेतलं आणि बाथरूमच्या टाइलवर चालवलं. तेही कोरडं! पाण्याची नळी हातभर अंतरावर पडलेली. ठिणग्या काय, धूर काय, टाइलच्या कडेला उंदरानं कुरतडल्यासारखे टवके. ब्लेडचा काठ काचेसारखा गुळगुळीत झाला. हिरे आत गाडले गेले, आता ते नुसतं घासणार, कापणार नाही. खरखरीत विटेत दहा-बारा उथळ काप घेत घेत मी त्याची धार पुन्हा उघडली, अर्धा तास गेला. आणि मग दिसलं की बाकीची ब्लेडं त्यानं जमिनीवर आडवी ठेवलीत, वर चिकटवायच्या मसाल्याच्या तीन गोण्या! ब्लेड खिळ्याला टांगायचं असतं. दाबाखाली वाकतं ते, मग चालताना लटपटतं.

मी बोललो तर हसतोय. "भावजी, ब्लेड आहे, जावई नाही. किती लाड करायचे!"

तळपायाची आग मस्तकात गेली. वर कानात कापसाचे बोळे! कापायला उभा राहिला की बोळे. मी म्हटलं, अरे ब्लेड काय सांगतंय ते ऐकायचं असतं, अडलं की त्याचा सूर बदलतो. मी आयुष्यात कधी कानात काही घातलं नाही. तो म्हणाला, "म्हणूनच सांगतोय, तुम्हीपण घाला." मला सांगतो!

आज आणखी चार वाजवली. चारही बद्द. गोण्यांखाली ठेवल्यावर दुसरं काय होणार? बाद ब्लेडं आता आठ.

९ मार्च, रविवार

घरात सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. कसली सवय लागलीय कोण जाणे. ही स्वयंपाकघरातून भांड्यांशी बोलावं तसं बोलते आणि उत्तर दिलं नाही की फुगते. सकाळी शिव्या खाल्ल्या – कपडे धुवायचं मशीन म्हणे केव्हाचं पीं पीं करत होतं, तुम्ही शेजारी पेपर घेऊन बसलात आणि कपडे तासभर ओले राहिले. कसलं पीं पीं? मशीन बिघडलंय, दुसरं काही नाही. थोरल्या मुलीचा फोन आला, तर ती म्हणते, "बाबा, ओरडताय कशाला?" मी कुठे ओरडतोय!

ओरडायचा तो म्हातारा मिस्त्री. शेवटच्या वर्षांत समोर बसलेल्या माणसाशीसुद्धा गल्लीला ऐकू जाईल असा बोलायचा. माणसं त्याला टाळायची. मलाही ते सहन व्हायचं नाही, खरं सांगायचं तर किळस यायची त्या आरडाओरड्याची. पण हात काय होता! जायच्या आधी त्यानं मला त्याचं ब्लेड दिलं. दहा इंची, अखंड काठाचं, काठ अजून जाडजूड शिल्लक. झोपायच्या खोलीत खिळ्याला टांगलंय. कधीतरी नाजूक काम असलं तरच काढतो.

आज काढलं. दार लावलं, खिडकी लावली, पंखा बंद केला. ब्लेड वाजवायचं तर शांततेत, असं तो सांगायचा. पलंगावर बसून दांडा मारला. आणि काय गातंय ते! बारीक, लांब, संपता संपत नाही. डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत बसलो. आठवडाभराची घाण धुतली गेल्यासारखं वाटलं.

अशी ब्लेडं आता कुणी करत नाही. उद्या हेच नेतो.

१० मार्च, सोमवार

मेहुण्यानं जुनं ब्लेड हातात घेतलं, बोटावर अडकवलं, वाजवलं. दोनदा वाजवलं. म्हणाला, "भावजी, हे बद्द आहे. भोकापाशी केसाएवढी चीर दिसतेय बघा. चढवू नका."

मला हसू आलं. चीर नव्हे, बावीस-पंचवीस वर्षांचा ओरखडा तो. नव्या ब्लेडांना हा खणखणीत म्हणतो आणि जे खरंच गातं त्याला बद्द! याचा कान आहे की गवंड्याचं घमेलं?

चढवलं. ब्लेडवरचा बाण फिरायच्या दिशेला, नट घट्ट, पाणी चालू, मिनिटभर नुसतं फिरवून बघितलं. चार टाइल कापल्या. कडा अशी की दाढी करावी. थोडं थरथरत होतं. बेअरिंग जुनं झालंय.

समोरून टाइल धरायला मेहुणा उभा राहिला नाही. काहीतरी आणायला गेला तो गेलाच.

११ मार्च, मंगळवार

पेनाचं टोक कागदातून आरपार जातंय. रागानं.

डबा खाऊन परत येतो तर मशीनवर ब्लेड नाही. नुसता दांडा. मेहुणा गोण्यांवर बसलेला, हाताची घडी. ब्लेड कुठाय? गोण्यांच्या मागे. लपवून ठेवलं होतं! म्हाताऱ्याचं ब्लेड! त्या ओल्या घाणीत!

म्हणाला, "मी ते चढवू देणार नाही. मशीनसमोर मी उभा असतो, भावजी. माझं तोंड असतं तिथं."

मी म्हटलं, एकतीस वर्षांत माझ्या मशीनसमोर कुणाला खरचटलं तरी आहे का?

मग तो उठला, अगदी जवळ आला आणि सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं बोलला, "तुम्हाला ऐकू येत नाही. नवी ब्लेडं चांगली आहेत. आठच्या आठ चांगली आहेत. सगळ्यांना ठाऊक आहे. ताईलासुद्धा. कुणाची बोलायची हिंमत नाही."

मला! ज्याच्या कानावर विसंबून लोकांनी बोटं मशीनजवळ नेली त्याला! आपला निष्काळजीपणा झाकायला माणूस किती खाली जातो. गोण्यांखाली ब्लेडं मारायची, कोरडं कापायचं, आणि अंगाशी आलं की समोरच्याला बहिरा ठरवायचं.

म्हटलं, हत्यारं उचल आणि चालायला लाग. बावीस वर्षं पुरे झाली.

त्यानं थापी, ओळंबा, पातळीची बाटली पिशवीत भरली. घाई नाही, आदळआपट नाही. दारातून जाताना पाठमोरा काहीतरी बोलला. मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

१२ मार्च, बुधवार

ही बोलत नाही. ताट आदळलं. ते मात्र व्यवस्थित ऐकू आलं!

१३ मार्च, गुरुवार

एकट्यानं काम. टाइल एकट्यानं धरायची, एकट्यानं सरकवायची, मधेच पाणी बघायचं. पाठ मोडली. आणखी तीन ब्लेडं उघडली, तिन्ही बद्द. अकरा झाली. आता ती गोण्यांखाली नव्हती, हे खरं. पण त्याच दुकानातून आधी आणलेली आहेत, दुसरं काय निघणार!

दुपारी दवाखान्याची इंजिनीअर बाई आली. बारीक आवाजाची बाई, मशीन चालू असताना बोलते. तिसऱ्या बाथरूममध्ये पाण्याचा उतार डावीकडे घ्यायचा होता म्हणे, तिनं सोमवारी सांगितलं होतं म्हणे, मी मान हलवली होती म्हणे. मी उतार उजवीकडे घेतलाय. सगळी जमीन उखडायची.

मी म्हटलं, तुम्ही सांगितलंच नाही. तिनं विचारलं, "तुमचे ते जोडीदार कुठे आहेत? त्यांना सांगितलं की काम होतं."

तेव्हा लक्षात आलं. गेली काही वर्षं कामं देणारी माणसं माझ्याशी बोलायची आणि तो ऐकायचा. मग तोंड माझ्याकडे करून, मोठ्यानं, मला पुन्हा सांगायचा. मी म्हणायचो, कळलंय रे, किती घोळवशील. यातून काही सिद्ध होत नाही. तो बोलघेवडाच आहे.

जमीन उखडली. ओला मसाला, तुटक्या टाइल, पायाला चिकटणारा चिखल. स्वतःच्या हातानं घातलेली जमीन स्वतः फोडण्याइतकं घाणेरडं काम नाही.

१५ मार्च, शनिवार

ठरवलं. सोमवारी जुनं ब्लेड चढवायचं आणि शेवटचं बाथरूम एकट्यानं उरकायचं. समोर कुणी उभं राहायचा प्रश्नच नाही. मी सोडून.

म्हाताऱ्याचं ब्लेड पुसून परत घरच्या खिळ्याला टांगलंय, बाद अकरा ब्लेडंही घरी आणलीत. उद्या सगळी एका ओळीत टांगून वाजवणार. मग हिला ऐकवतो, म्हणजे भावाचा पुळका उतरेल.

१६ मार्च, रविवार

स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत दोरी बांधली, अकरा ब्लेडं टांगली. वरच्या टाकीची मोटर चालू होती. ही आत भांडी घासत होती, नळ सोडलेला, पाठ माझ्याकडे. मी पहिलं वाजवलं – ठप. दुसरं – ठप. तिसरं, चौथं. मनात म्हटलं, बघ, प्रेतांची रांग! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चिडून जरा जोरात.

ही साबणाच्या हातांनी दारात आली. पाच दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बंद करा ते टणटण! डोकं उठलं माझं!"

मी विचारलं, कसलं टणटण?

"कसलं काय? हेच! कानठळ्या बसल्या. शेजारी विचारायला येतील आता."

मी हातातला दांडा खाली केला. तिचा राग उतरत गेलेला दिसला, आणि त्याच्या जागी जे आलं ते बघवेना. कीव. मला रागच बरा होता.

म्हटलं, भिंतीकडे तोंड कर. वाजलं की हात वर कर. मी कधी खरंच वाजवलं, कधी दांडा नुसता हवेत फिरवला. एकदाही चुकली नाही. मी हळू वाजवलं, बोटाच्या नखानं वाजवलं, तरी तिचा हात वर. कधी थांबलं तेही सांगायची – "अजून गुणगुणतंय... अजून... आता थांबलं." मला सुरुवातीची ठपसुद्धा कधी ऐकू आली, कधी नाही.

अकराच्या अकरा चांगली.

मी खाली बसलो. ती पदराला हात पुसत शेजारी बसली. म्हणाली, "दोन वर्षं झाली. मी पाठीमागून हाक मारायचं केव्हाच सोडलंय. तुम्ही चिडता म्हणून कुणी बोललं नाही." आणि मग, "त्यानं तुमच्यासाठी कापूस आणला होता. नको म्हणालात."

स्वतःची शिसारी आली. दुकानदाराला चोर म्हणालो. मशीन बिघडलंय म्हणालो. बावीस वर्षांच्या माणसाला पिशवी भरायला लावली. ओरडणाऱ्या म्हाताऱ्याला मी नाकं मुरडायचो आणि आता पोरगी मलाच म्हणते, ओरडू नका.

पण एक गोष्ट राहते! बारीक आवाज मला येत नसतील, मान्य. मग जुनं ब्लेड मला ऐकू कसं येतं? ते तर लख्ख येतं, लांबपर्यंत. झोपायच्या खोलीतून आणून हिच्या हातात दिलं. तिनं वाजवलं, तोंड वाकडं केलं. "हे फुटलंय. फुटक्या मडक्यासारखं वाजतंय. तो हेच सांगत होता ना?"

मोटर चालू होती, मला काही ऐकू आलं नाही. पण घरात शांतता असताना मी ते माझ्या कानांनी ऐकलंय. एकदा नाही, शंभरदा. बहीण शेवटी भावाचीच बाजू घेणार. नवी अकरा तिची, जुनं एक माझं. सोमवारी चढवणारच.

१७ मार्च, सोमवार

निघायच्या वेळी वीज गेली. ही भाजी आणायला बाहेर गेलेली. पंखा बंद, मोटर बंद, फ्रीज बंद. घर चिडीचूप. जुनं ब्लेड पिशवीत भरण्याआधी शेवटचं वाजवलं. गायलं! तस्संच, बारीक, लांब. म्हटलं, बघा, खोटं बोलत होतो का मी? उभ्या उभ्या ऐकत राहिलो. बोट दुखायला लागलं म्हणून ब्लेड गादीवर ठेवलं आणि वर उशी दाबली.

तरी वाजतच होतं. दोन्ही कान दाबून धरले, तरीही.

अजून वाजतंय. हे लिहितानाही.

मेहुण्याकडे निघालोय. त्याच्या समोर, अगदी जवळ बसायचं, तोंडाकडे बघत. दारातून जाताना काय बोलला होतास ते पुन्हा सांग म्हणणार आहे. शिवी असली तरी चालेल.